आबांच्या मांडीतली गोळी

"ओएसएल म्हंजी ऑपरेशन स्पेशल लडाख," रविराज म्हणाला. "आबा लडाखला व्हते. लिही."

सायलीने लिहिले नाही. ती दौंडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. आजोबांची लष्करी सेवापुस्तिका वाचायची म्हणून एका निवृत्त सुभेदारांकडून तिने संक्षेपांची यादीच करून आणली होती.

"दादा, ओएसएल म्हणजे रजा संपली तरी हजर न होणे. नऊ दिवस. पुढे आरआय आहे. त्याबद्दल झालेली सक्तमजुरी."

"बरं, ते सोड. हे सीके? कमांडो?"

"कुक."

कांद्याच्या चाळीपुढे सडके कांदे बाजूला काढत बसलेल्या आजीने, कस्तुराबाईंनी, मान वर केली नाही. "भाकरी मातर झ्याक थापायचे," त्या म्हणाल्या.

सोमवारी न्हावऱ्याच्या ग्रामपंचायतीपुढे युद्धात जखमी झालेल्यांच्या नावांचा दगड बसणार होता. आबांचे, म्हणजे जयसिंगरावांचे, नाव कोरून तयार होते, तीनशे पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि काल माजी सरपंच हौसराव भर सभेत म्हणाले होते, "लंगडत व्हते हे गावानं पाह्यलं. पर लढाईतच लागलं कशावरनं? कागद दाखवा, न्हाईतर नावावर सिमेंट."

"कागद कशाला, गोळीच दाखवतो की!" रविराजने कुंकवाचा करंडा उघडला. आबांना सावडताना राखेत सापडलेली ती गोळी त्याने नऊ वर्षे जपली होती.

सायलीने ती तळहातावर घेतली. वाटाण्याएवढी, अगदी वाटोळी. पर्सच्या चुंबकी बटणाला लावली, तर चिकटली.

"शिशाची असती तर चितेत वितळली असती. ही पोलादी आहे."

"मग! शत्रू काय साधी गोळी मारंल व्हय आबांना?"

सायलीने पान उलटले. "डब्ल्यूडीएस. म्हणजे जखमा."

"बघ! म्हनलं न्हवतं?"

"पुढे निल लिहिलंय."

"लिहायचं राहिलं आसंल."

"सैन्यातून सुटतानाची वैद्यकीय श्रेणी ए. म्हणजे ठणठणीत. दोन मार्च बहात्तरला दौंडपर्यंतचा रेल्वे पास दिलाय. आजी, आबा गावात कधी पोचले?"

"आखितीच्या आदल्या दिशी. खुरडत. गाव वेशीवर लोटलं व्हतं म्हणं."

"म्हणजे अक्षय्य तृतीया, मे महिना. दौंड ते न्हावरे दोन महिने?"

रविराज मटकन पायरीवर बसला.

"म्हंजी समदं खोटं? आजीच्या बापानं, वरवंडच्या पंधरा एकर बागाईतवाल्यानं, कोरडवाहू पोराला लेक दिली ती देशासाठी पाय दिला म्हणून, हे लहानपणापासनं सांगत आलो मी. ते बी खोटं?"

"पायाकडं बघूनच दिली," कस्तुराबाई म्हणाल्या.

"आगं पर आता हौसमामाला दाखवू काय? कागद तर उलटाच निघाला."

"मला ने सभेला. कुठं लागलं, कसं लागलं, समदं सांगते. साक्षीदार हाय मी."

रविराज ताडकन उठला. "आजी! गोळी लागली तवा तू तिथं व्हतीस?"

"मी नसते तर लागली कशी असती?" कस्तुराबाईंनी हातातला कांदा दाबून पाहिला आणि चांगल्यांत टाकला. "वरवंडला बापाचा ऊस डुकरांपासनं राखायला माळ्यावर मीच बसायची, ठासणीच्या बंदुकीत सायकलचं छर्रं भरून. हे दौंडावनं चालत निघालेले, ऊस मोडून खायला आत शिरले. मला वाटलं, डुक्कर. दोन महिनं आमच्यातच पडून व्हते. बापानं पाय धरलं, पोलिसात जाऊ नका, पायजे ते मागा. तर ह्यांनी मलाच मागितलं."