दोन पेट्यांतली आई

आई गेल्यावर तिच्या आवाजात, तिच्या आठवणींतून बोलणाऱ्या दोन पेट्या केल्या होत्या. एक इराकडे, एक तिच्या धाकट्या भावाकडे, श्रीरंगकडे. वर्षभर आई दोन्ही घरांत बोलत होती. वर्षश्राद्धाला तिच्या ओव्या दोन्ही पेट्यांतून एकत्र रेकॉर्ड करायच्या म्हणून आज सांगलीच्या स्टुडिओत त्या एकाच संगणकाला जोडल्या.

आवाज तपासायला तंत्रज्ञ श्रीरंगच्या पेटीला म्हणाला, "काकू, काहीतरी बोला."

"इरा आली का? माझ्या आजारपणात फिरकलीसुद्धा नाही."

इरा श्रीरंगकडे वळली. दवाखान्यात आईचा हात शेवटपर्यंत तिच्याच हातात होता.

"तू सांगितलंस हे तिला?"

श्रीरंग वायरींकडे बघत राहिला. "माझ्या घरच्या पेटीतूनही आई सारखं तुझंच नाव घ्यायची, ताई."

"एक पेटी मुख्य ठेवावी लागेल," तंत्रज्ञ चाचरत म्हणाला. "दुसरी तिच्या तालावर चालेल. दोन्हींच्या आठवणी एक होतील, पण खरं काय ते मुख्य पेटी ठरवेल."

"माझी ठेवा," इरा म्हणाली. आईला आता खरं कळणार होतं.

त्याने बटण दाबलं. दोन्ही स्पीकरमधून आई एकदमच बोलली, "कळलं मला सगळं. पण त्याला रागावू नकोस गं इरा. तू मोठी आहेस ना?"