हे घर सोडून

तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. समोर ताई दिसताच "गॅसवर दूध आहे हो," म्हणत लावूनही घेतलं. मागच्या आठवड्यातही त्यांचं दूध गॅसवरच होतं.

ताई जिन्याच्या कठड्याला टेकली. पायांचे तुकडे पडले होते. दिवसभर हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीत उभं राहायचं, "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" हे एकच पालुपद घोकायचं आणि ड्यूटी सुटली की लोकांची दारं वाजवत फिरायचं. प्रभू येशूबद्दल सांगायचं. कुणी ऐकलं तर ठीक, नाहीतर पुढचं दार. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी मघाशी तिला आत बोलावलं होतं. खुर्ची दिली, मान डोलावत सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "ते सगळं खरं हो. पण माझ्या गुडघ्याचा फोटो फुकटात निघेल का?"

एरवी ती हसली असती.

पूर्वी ती अशी दारोदार फिरत नसे. एक्स-रे विभागात तिच्या जोडीला एक बाई होत्या. दोघींचा डबा एकत्र, चहा एकत्र, साहेबांच्या नकला एकत्र. बाईंच्या घरी फार कटकटी. एकदा त्यांनी विचारलं होतं, "तू एवढी शांत कशी गं असतेस?" ताई म्हणाली, "सांगेन कधीतरी सवडीनं." सवड आलीच नाही. एका सकाळी बाई कामावर आल्या नाहीत, त्या वारल्याचा निरोप आला. तेव्हापासून ताईनं सवड हा शब्दच टाकला. शेवटी चर्चचे पाळकसाहेबच म्हणाले, "जरा दमानं घे पोरी. घरी वडील एकटे असतात." तिनं ऐकलं नाही. कुणाचं ऐकणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

हे बाबांइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी जमवलेलं लग्न तिनं मोडलं. ते म्हणाले "मास्तरीण हो", तर ती एक्स-रे शिकली. आई गेली आणि वर्षाच्या आत तिनं बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी बाबा उंबऱ्यात उभे राहिले. जन्मभर मालट्रक चालवलेला माणूस, आवाजही तसाच दणदणीत.

"घर तुझंच आहे. राहा. पण या घरात ते नाव काढायचं नाही!"

ती राहिली. नाव काढलं नाही. जेवायला बसली की डोळे मिटून, ओठ न हलवता प्रार्थना करायची. तिचे डोळे उघडेपर्यंत बाबाही घास उचलत नसत. ही त्यांची नाराजी दाखवायची तऱ्हा, असं ती समजून चालली होती.

आज सकाळी बाबांच्या छातीचा एक्स-रे तिनंच काढला. "श्वास घ्या, धरून ठेवा," ती म्हणाली. त्यांना धरता आला नाही. पडद्यावर हृदय भलतंच फुगलेलं दिसलं, फुप्फुसांच्या तळाशी पाणी. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन हळू आवाजात काय ते सांगितलं. तिला ते आधीच कळलं होतं. बाबांना तिनं शेजारणीच्या सोबतीनं घरी धाडलं, ड्यूटी संपवली आणि ती इथे आली, परक्या जिन्यावर. घरी जाऊन बाबांना सांगण्यासारखी एकच गोष्ट तिच्याकडे होती, आणि त्या घरात नेमकी त्याच गोष्टीला बंदी होती.

ती घरी पोचली तेव्हा बाबा पलंगावर उशांना टेकून बसले होते. आडवं झालं की दम लागायचा. ताई आलेली पाहून शेजारीण उठून गेली. ताईनं चपला काढल्या. ती घोटभर पाणी प्यायली आणि बाबांच्या सुजलेल्या पायांवर पांघरूण ओढू लागली.

"आवाज बसलाय तुझा," बाबा म्हणाले.

"हं."

"घसा फुटेस्तोवर लोकांना सांगत असतेस. काय सांगतेस?"

पांघरुणावरचा तिचा हात थांबला. "बाबा, गोळीची वेळ झाली."

"गोळी राहू दे. डॉक्टर काय म्हणाले तेही नको. ट्रक चालवलाय मी. इंजिन कधी बसतं ते मला कळतं." एवढ्यानंच त्यांना धाप लागली. ते थांबले, मग म्हणाले, "सगळ्या गल्लीला तू काय सांगतेस ते माहीत आहे. पेपरवाल्याला माहीत आहे. परवा मलाच म्हणतो, तुमची मुलगी बोलते ते मनाला लागतं. मी काय बोलणार त्याला? मीच तेवढा राहिलोय."

ताई पलंगाच्या कडेवर बसली.

"तुम्हीच म्हणाला होता ना, बाबा? या घरात ते नाव काढायचं नाही म्हणून. मी तुमचा शब्द मोडला नाही."

बाबांनी हात पुढे केला आणि तिच्या मनगटावर ठेवला.

"जन्मात माझं एक ऐकलं नाहीस," ते म्हणाले. "नेमकं तेवढंच का गं ऐकलंस?"