लक्ष कुठं होतं?

“लक्ष कुठं होतं तुमचं?” मास्तरांनी अपघातांची वही उघडत विचारलं.

“लक्ष तिथंच होतं हो, मास्तर,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या तर्जनीला ही जाडजूड पट्टी होती.

गिरणीच्या सूत कातायच्या खात्यात हे उत्तर नवं नव्हतं. बोट चेचलेला, नख उडालेला, जो तो हेच सांगायचा. मास्तर ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि कारणाच्या रकान्यात लिहायचे : निष्काळजीपणा. आताही लिहिलं. पण मावशींच्या नावावर हा तिसरा निष्काळजीपणा होता, आणि तिसऱ्याला मशीन काढून घेत. उद्यापासून हातात झाडू. तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत सांधणाऱ्या मावशींच्या हातात, वीस वर्षांत पहिल्यांदा.

“आणि गिअरवरची जाळी?” त्या म्हणाल्या. “ती असती तर बोट गेलं असतं का आत?”

जाळी मास्तरांच्या केबिनच्या खिडकीवर होती. कापूस अडकला की चार बोल्ट काढा, तोवर मशीन बंद ठेवा, एवढा वेळ कुणाला आहे? म्हणून मास्तरांनीच ती काढवली आणि तिच्यावर छानशी वेल चढवली. रोज पाणी घालताना ते वेलीशी गप्पाही मारायचे.

“जाळीबिळी काही लागत नाही. लक्ष लागतं, लक्ष! या, दाखवतो.”

सगळं खातं गोळा झालं. मास्तरांनी चालत्या मशीनमधला कापसाचा पुंजका ऐटीत दोन बोटांत धरला. टर्रकन आवाज झाला. मावशींनी चटकन बटण दाबलं म्हणून बरं, नाहीतर बाहीमागोमाग हातही गेला असता. बाही गिअरमध्ये, मास्तर बाहेर, मनगटावर नुसतं खरचटलेलं.

मावशींचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी वही पुढे केली.

“लक्ष कुठं होतं, मास्तर?”

“अहो, लक्ष तिथंच होतं!” मास्तर ओरडले. खात्यात असा हशा पिकला की शेवटी त्यांनाही हसू आवरेना.

त्यांनी मावशींच्या नावापुढचा शब्द खोडला आणि लिहिलं : जाळी नव्हती. खाली स्वतःचं नाव घालून पुन्हा तेच लिहिलं. मग उघड्या दंडाने फिटरला खूण केली.

“खिडकीवरची जाळी काढून आण रे. पण जरा जपून. वेलीला कळ्या आल्यात.”