वस्तादांची शिकवण

"पंचांना दिसो न दिसो, आपल्याला वार लागला की आपणच हात वर करायचा," ही आमच्या विद्यापीठाच्या तलवारबाजी संघाच्या आंदोर वस्तादांची शिकवण. मी बावळटानं ती पाळली. शहात्तर साली निवडीच्या सामन्यात चार-चार बरोबरी असताना, निर्णायक पाचव्या वाराला हात वर केला, आणि हंगेरीच्या संघातली हाताशी आलेली जागा घालवली.

काल आमच्या संघाच्या पंचाहत्तरीचं जेवण होतं. भिंतीवर वस्तादांच्या पहिल्या सुवर्णपदकाचा फोटो होता, आणि त्या सामन्यात त्यांच्याकडून हरलेले पोलंडचे झेनॉन पाहुणे म्हणून माझ्या शेजारी, वस्तादांच्या समोरच बसले होते.

माझी गोष्ट ऐकून त्यांना हसू आवरेना. "हे तुला यानं शिकवलं? अरे, शेवटचा वार आधी माझा लागला होता, याच्या बरगडीवर! पंचांना दिसला नाही, म्हणून मी यालाच विचारलं, तर म्हणतो कसा, 'छे, कुठे?' काय रे आंदोर, आता तरी सांग, लागला होता ना?"

मी वस्तादांकडे बघत राहिलो.



वस्तादांनी सावकाश हात वर केला, वेटरला बोलवायला.