पाटीवरचं सातवं नाव

"आधी ते सातवं नाव काढ. मग तुझं अनावरण-बिनावरण काय ते कर."

दशरथकाकांनी पाटीसमोर प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि ठाण मांडलं. वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज अजून गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटावर चढणारा.

घाटकोपरच्या त्या चाळीसमोर शहिदांची संगमरवरी पाटी उभी राहिली होती. उद्या सकाळी पडदा उघडायचा होता. मंडळाचा सेक्रेटरी नितेश घामाघूम झाला. सातवं नाव, लवूचं, त्यानंच हौसेनं घातलं होतं. काका-काकू लालबागहून इथे राहायला आल्यापासून दर गणपतीत तो त्यांच्याकडे जाई. भिंतीवर वर्दीतल्या तरण्याबांड लवूचा फोटो बघे. काकांच्या मोठ्या भावाचा असणार, हे काय विचारायचं असतं?

"काका, एकाहत्तरची लढाई. किती वर्षं झाली!"

"वर्षं मोजून माणूस मरतो काय रे? फौजेच्या पत्रात 'बेपत्ता' लिहिलंय. मेला म्हणून कोणी बघल्यान? तुझ्या बापाशीन?"

"पण सरकारनं नंतर मृत धरलंच ना?"

"सरकारनं धरलं. आम्ही नाही धरलं."

"बरं, सगळ्यात वर घेतो. सोनेरी अक्षरांत."

"मेलेल्यांच्या यादीत वर काय नि खाली काय! मी इथून उठत नाही. अंगावर पडदा टाक माझ्या आणि उघड उद्या."

बघे हसले. काका हसले नाहीत.

नितेशनं हार मानली. "कारागिराला बोलावतो. खाली वेगळी ओळ कोरू, 'बेपत्ता, वाट पाहत आहोत.' चालेल? पण उद्या कोणी बोंब मारली तर वाट लागेल माझी. लवूकाकांच्या बायकोची सही द्या. कुठे असतात त्या?"

"घरी चल," काका उठले.

शेवंतीकाकू खोबरं खवत होत्या. विळीच्या लयीत ओठ हलत होते:

*गेला लढाईला वीर, वाट त्याची गवताळली*
*रोज पाऊल टाकून गं, मीच मोकळी ठेविली*

फोटोला हार नव्हता. काच तेवढी लखलखीत होती.

"गो, ऐकलास? लवूचं नाव निघतंय मेलेल्यांतून," काका म्हणाले. "कागद आणलाय पोरानं."

विळी थांबली. काकूंनी पदराला हात पुसले, चष्मा शोधला आणि एकही प्रश्न न विचारता ठसठशीत सही केली.

नितेशनं कपाळाला हात लावला. "काकू, तुमची नको हो! इथे त्यांच्या बायकोची हवी होती."

"तिचीच केलीय, बाबा."

"आणि खाली साक्षीदार घाल," काकांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं. "दशरथ. तिचा दुसरा नवरा."