कोरेस्मातलं अस्वल

जीप शाळेचीच आहे हे कृष्णनाथ मास्तरांना कळलं, तेव्हा दोरी रस्त्यावर आडवी ताणून झाली होती.

पळायची सोय नव्हती. दोरीचं एक टोक जांभळाच्या झाडाला होतं आणि दुसरं मास्तरांच्या कमरेला. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने घसरणारा मुखवटा धरायचा, मग दोरी धरणार कशाने? अंगावर सुंभाचं अस्वल. शिगम्याचं, म्हणजे गोव्यातल्या होळीचं, सोंग.

ब्रेक करकचले. जीपने दोरी पुढे ढकलली, गाठ आवळली आणि अस्वल फरफटत येऊन बॉनेटवर वाकलं.

आत हेडमिस्ट्रेस सिस्टर एस्पेरांसा होत्या. जीप त्या स्वतःच चालवायच्या.

गोवा राज्य होऊन वर्ष भरत आलं होतं, पण पेडण्याच्या त्या शाळेत मास्तर पाच वर्षं टेंपररीच होते; दर जूनला नेमणूक नव्याने. ख्रिस्तांवांचा उपासाचा महिना, म्हणजे कोरेस्म सुरू झाला, तेव्हा सिस्टरनी प्रत्येक वर्गशिक्षकाला एकेक डबा दिला. वर क्रुसाचं चित्र, मधे फट. मुलांनी खाऊ सोडायचा, शिक्षकांनी मासळी सोडायची आणि वाचलेले पैसे कुष्ठरोग्यांसाठी डब्यात टाकायचे. नाचगाणं बंद, मौजमजा बंद. शेवटी सिस्टर म्हणाल्या होत्या, "जाचो डबो रितो, ताचें काळीज रितें. असलीं काळजां म्हाका जूनांत शाळेंत नाकात."

मास्तरांच्या वाट्याला सातवी ब आली. तिथल्या पोरांचे बाप कोल्हापूर-बेळगावकडून तुयेच्या फॅक्टऱ्यांत आलेले. पोरांकडे सोडण्यासारखं काही नव्हतं. सोडायला आधी काहीतरी धरलेलं लागतं. एकाने कोरेस्मासाठी गणित सोडलं, ते मात्र मनापासून पाळलं.

मग मास्तर स्वतः दारोदार फिरले. कोंकणी की मराठी यावरून अख्खं राज्य भांडत होतं. मास्तरांनी दोन्ही भाषांत मागून पाहिलं. दोन्ही भाषांत दार बंदच झालं. कारण नेमका शिगमा सुरू होता आणि ढोलताशांचं रोमट मास्तरांच्या आधी प्रत्येक अंगणात नाचून, शबय, म्हणजे नाचाची बिदागी, घेऊन गेलेलं असायचं.

"आत्ताच देवाच्या नावान दिलंय मरे, मास्तर," सदाशिव दुकानदार म्हणाला. "आता तुमच्या क्रुसाच्या सायबाक खंयसून हाडू?"

डबे शुक्रवारी उघडायचे होते. बुधवारी शिगम्याची सुट्टी होती; सकाळी मास्तर ओट्यावर डोकं धरून बसले. बायको, आनंदी, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मयताक गेल्यासारखा तोंड करून मागल्यार कोण देतला? लोक जसा देतत तसा मागा."

"म्हणजे कसं?"

तिने माळ्यावरून भावाचं अस्वल काढून दिलं.

मास्तरांनी रस्त्यावर दोरी ताणून गाड्या अडवल्या आणि तासाभरात डबा जड झाला. वास्कोच्या बसच्या ड्रायव्हरने पाच रुपये टाकले आणि दोन गिरक्या घ्यायला लावल्या. सदाशिव दुकानदाराने तर दुकानातून पळत येऊन दोन रुपये दिले, वर शेपटी ओढून बघितली. पाच वर्षांत मास्तरांचं कुणी इतकं कौतुक केलं नव्हतं. उन्हाने आत शिजत होते, सुंभ टोचत होता, तरी ते नाचत होते. डब्यावरचं चित्र दिसू नये म्हणून त्याला लाल फडकं गुंडाळलं होतं. आणखी चार गाड्या, की जून सुटला.

पुढचीच गाडी ही आली.

सिस्टरनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कितें जाय?"

मास्तरांनी आवाज घोगरा केला. "शबय, माय!"

सिस्टरनी पर्स उघडली. दहाची नोट काढली. हात लांब करून ती डब्यात सारायला गेल्या, तर फट सापडेना. त्यांनी फडकं बाजूला केलं. खाली क्रूस. क्रुसाखाली मास्तरांच्याच वळणदार अक्षरात: सातवी ब.

मुखवटा आपणच गळून पडला.

"सिस्टर, चुकलं," मास्तर म्हणाले. "कोण देईना. घरी दोन पोरं आहेत. एक एक रुपया आत आहे, एक पैसा घेतलेला नाही. देवाशपथ." कुठल्या देवाची ते सांगायचं राहिलं.

सिस्टरनी हात पुढे केला. त्यांनी मास्तरांच्या हातून डबा घेतला आणि कानापाशी हलवला. आतून चांगला भरल्या पोटाचा आवाज आला. 

"मास्तर, उद्यां तुमी शाळेंत येवं नाकात."

मास्तर पाया पडायला वाकले. दोरी होती म्हणून उभे राहिले.

"सिस्टर, सुंभाची शपथ, परत नाचणार नाही. जूनपर्यंत तरी…"

सिस्टर मागच्या सीटकडे वळल्या. तिथून त्यांनी आणखी एक डबा काढला. तसाच, क्रुसाचा. वर लिहिलेलं: हेडमिस्ट्रेस. त्यांनी तोही हलवला. आत फक्त एक शर्टाचं बटण वाजलं.

"शनवारा डबो वास्कोच्या व्हडले मदरीक दाखोवपाचो आसा," त्या हळू म्हणाल्या. "सकाळच्यान तुयेच्यो सगळ्यो फॅक्टऱ्यो भोंवलें, कोणेंच कांय दिलें ना."

मग त्यांनी रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं. कुणी येत नव्हतं.

"उद्यां सकाळीं सातांक हांगाच येयात. आनी म्हाका एक सोंग हाडात. वाघाचें आसल्यार बरें."