मोकळी

“अगं, कात्रीने टोचून टोक काढशील तर कापडाला भोक पडेल. आण इकडे.”

कॉलरवालीने नव्या मुलीच्या हातातली कॉलर घेतली. “कोपऱ्यावर आलं की दोन थरांच्या मधे एक दोरा ठेवायचा. शिलाई घालायची. मग उलटवताना नुसता दोरा ओढायचा, बास.” तिने ओढला. चिमणीच्या चोचीसारखं टोक बाहेर आलं.

“आई गं!” मुलगी हरखली.

“आई नको, ताई म्हण. एवढी म्हातारी नाही झाले.”

शेजारच्या मशीनवर बाह्या जोडणारी बाई खुदकन हसली. “सगळी विद्या आजच देतेस का गं? थोडी उद्याला ठेव की.”

“उद्या कुठली मी? उद्या लेकीला रक्त चढवायचंय.”

आज हे ती खुशाल बोलून गेली. एरवी हे सांगताना ती चाचरायची. लेकीच्या अंगात रक्त टिकत नव्हतं. रक्त चढलं की पोर गाणं म्हणत जिना चढायची, रक्त आटलं की पहिल्याच पायरीवर बसायची आणि म्हणायची, आई, तू हो पुढे. मग कामावर दांडी, आणि दवाखाना. इकडे शिवणाची अख्खी रांग अडायची. कॉलर नाही म्हणून बाही नाही, बाही नाही म्हणून काज नाही, बटण नाही.

पण काल सुपरवायझर स्वतःहून म्हणाले होते, “बघतो काहीतरी. तुला मोकळी करतो.” सगळ्या बायका त्यांना मामा म्हणत. आणि आज सकाळी त्यांनी ही मुलगी आणून तिच्या शेजारी बसवली होती. कॉलरवालीला वाटलं, दगडाला पाझर फुटला. आपण नसू त्या दिवशी आपली जागा धरायला कुणीतरी आलं. म्हणून ती जीव ओतून शिकवत होती. कापड कुठे सैल धरायचं, कुठे ताणायचं, मशीन कुरकुरलं की तेल कुठे घालायचं.

जेवणाच्या सुट्टीनंतर मामा आले. मुलीने शिवलेल्या कॉलरी उजेडात धरून बघितल्या.

“बसला की हिचा हात.”

“बसला ना! गुणाची पोर आहे, मामा. उद्या मी बिनघोर जाते. परवा आले की हिला...”

“परवा कशाला येतेस?”

मशीन चालू होतं. तिला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. तिने पाय उचलला.

“काल म्हटलं नव्हतं का, मोकळी करतो म्हणून?” मामांचा आवाज खाली आला. माणूस वाईट नव्हता. तिच्याकडे न बघता हातातल्या कॉलरीशीच बोलत होता. “तू नसलीस की सगळी रांग हातावर हात ठेवून बसते. वरचे माझा जीव खातात. मी तरी किती झाकू? आता निवांत बघ लेकीकडे.”

“मी... उद्यापुरती मोकळी समजले हो, मामा.”

“एवढा गठ्ठा उरकून जा,” मामा म्हणाले आणि पुढच्या मशीनकडे वळले.

बाहीवालीने मान वर केली नाही.

कॉलरवालीने गठ्ठ्यातली एक कॉलर ओढली, शिवली. मग दुसरी. तिच्या हातांना अजून काही कळलंच नव्हतं.

“ताई,” मुलगी कुजबुजली, “मला खरंच ठाऊक नव्हतं हो. शप्पथ.”

“तुला कुठं काय म्हणतेय मी.” दोरा दातांनी तोडत तिने विचारलं, “कामावर घेताना शिवून दाखवायला लावलं असेल ना तुला?”

“छे. शिवण बघितलीच नाही त्यांनी. एवढंच विचारलं, घरी कुणी आजारी आहे का?”

“मग?”

मुलीने मागे वळून बघितलं. मामा लांब होते. “कुणी नाही म्हटलं,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची नजर मांडीवर उतरली.

कॉलरवाली तिच्याकडे बघत राहिली. घरी कोण, हे तिने विचारलं नाही. मशीन बंद केलं आणि स्टूल तिच्याजवळ सरकवलं.

“अशी मान खाली घालून नाही. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं. म्हण.”

“घरी कुणी आजारी नाही.”

“आवाज कापला. पुन्हा.”